गाईचा ‘पुढचा गुडघा’

एका वाचकाने विचारलं आहे: ‘गाईच्या पुढच्या पायाला मध्यावर जो सांधा असतो त्याला आमच्याकडे गुडघाच म्हणतात. जनावरांचे डॉक्टर मात्र मनगट म्हणाले. खरा शब्द कोणता?’

डॉक्टर बरोबर आहेत, आणि तुमचं गावही चुकलेलं नाही.

टेबलावर तळहात टेकवा. आता तळवा उचला, बोटंही उचला आणि फक्त मधलं बोट आणि अनामिका यांच्या नखांवर हात उभा करा. मनगट कुठल्या कुठे वर गेलं! गाय जन्मभर अशीच उभी असते. तिचा दुभंगलेला खूर म्हणजे ही दोन नखं. खुरामागची बोटं सोडली की वरची लांब नळी हा तिचा तळहात, त्यावरचा सांधा मनगट. कोपर पार वर, छातीला लागून असतं, म्हणून ते आपल्या नजरेतच येत नाही. घोडा तर एकट्या मधल्या बोटावर उभा. नाल ठोकतात ती त्याच्या नखाला, म्हणून नीट ठोकली तर त्याला दुखत नाही.

खात्री करायची तर वाटी शोधा. गुडघा म्हटला की वाटी आली, आणि पुढच्या पायात ती नसतेच. ती असते मागच्या पायात, पोटाच्या खालच्या कडेजवळ. मागच्या पायाचा जो सांधा आपल्याला ‘उलटा वाकलेला गुडघा’ वाटतो तो घोटा, आणि त्याचं मागे आलेलं टोक म्हणजे टाच. हत्तीला चार गुडघे असतात असं सांगतात, त्यातलेही पुढचे दोन मनगटच. गंमत म्हणजे ‘हत्ती’ हा शब्द ‘हस्तिन्’वरून आला, म्हणजे हात असलेला, पण भाषेने हात मानला तो सोंडेला. नाव देताना भाषा अवयवाचं काम बघते, हाडं मोजत नाही.

या निमित्ताने ‘फरा’ या शब्दाबद्दल सांगायलाच हवं, मला तो फार आवडतो. खांद्याच्या फाळासकट पायाचा वरचा मांसल भाग तो फरा. मागच्या मांडीलाही फराच म्हणतात. ‘फऱ्या’ हे रोगाचं नाव त्यावरूनच. या रोगात फऱ्यावर सूज येते, दाबली की चरचरते, जनावर त्या पायाने लंगडतं. म्हणून त्याला ‘एकटांग्या’ही म्हणतात. पावसाळ्याआधी याचीही लस टोचतात. आपल्या गळ्याखाली दोन आडवी हाडं हाताला लागतात, ती गाईबैलांना नसतात. त्यांचा पुढचा अख्खा पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेला असतो, हाडाला हाड कुठेच जोडलेलं नाही. बकऱ्याचंही तेच, त्यामुळे खाटकाची सुरी पुढचा फरा सोडवताना हाडात अडत नाही. एवढा सुटा भाग, त्याला स्वतःचं नाव हवंच होतं. प्रमाण लेखनात तो क्वचित दिसतो, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

तेव्हा पाठ्यपुस्तकात आणि उपचाराच्या कागदावर ‘मनगट’ लिहावं, नाहीतर दुखणं पुढचं की मागचं याचा घोळ होईल. गोठ्यात मात्र ‘गुडघा’च म्हणा, कोकणात असाल तर ‘ढोपर’. गाय उठताना आधी मागचं धड उचलते आणि क्षणभर पुढच्या दोन मनगटांवर तोलून राहते. तेव्हा ‘गाय गुडघ्यावर आली’ असंच मीही म्हणतो.