फूट कुठले, ते आधी विचारा

प्रश्न : आम्ही दोघं कर्वेनगरला २४ हजार भाड्याच्या टू बीएचकेत राहतो. कोथरूडमधला रिसेलचा एक फ्लॅट मनात भरलाय. इमारत १९९६ ची, पार्किंगवर चार मजले, लिफ्ट आहे, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मालक म्हणतात ९२० फूट, भाव १२,५००, म्हणजे १ कोटी १५ लाख. कव्हर्ड पार्किंगचे ४ लाख वेगळे. सोसायटी लवकरच रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, तेव्हा हा भाव स्वस्तच म्हणायचा, असं एजंट सांगतो. पण १९९६ च्या करारनाम्यात ‘बांधीव ७६० चौ. फूट’ लिहिलंय. नोंदणी विभागाच्या साइटवर याच सोसायटीतले दोन व्यवहार सापडले : १४ महिन्यांपूर्वी पहिल्या मजल्यावरचा ५८.६ चौ. मीटर बांधीव फ्लॅट ८४ लाखांना, आणि ७ महिन्यांपूर्वी शेजारच्या विंगमधला तिसऱ्याच मजल्यावरचा ७०.६ चौ. मीटर बांधीव फ्लॅट ९८ लाखांना. बँक आमच्या पगारावर ८० लाखांपर्यंत कर्ज देते म्हणाली आहे. सासूबाई म्हणतात, आवडलंय तर घेऊन टाका, मनासारखं घर पुन्हा मिळत नाही. ताई, योग्य किंमत किती हे आम्ही ठरवायचं कसं?
(नाव प्रसिद्ध करू नये, पुणे)

उत्तर : इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा) स्वतः शोधून मग प्रश्न विचारणारी वाचक मला वर्षातून एखादीच भेटते. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, फक्त सगळे आकडे एका मापात आणायचे राहिलेत.

मालकांचे ९२० फूट आधी बाजूला ठेवा. त्यात जिना आला, लिफ्टचा खड्डा आला, वॉचमनची खोली आणि पार्किंगमधला रस्ताही आला. रेरा कायदा आल्यापासून नव्या प्रकल्पात कारपेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या चटई क्षेत्रावरच, विक्री करावी लागते, पण जुन्या फ्लॅटच्या रिसेलमध्ये असे सामाईक जागा धरलेले ‘सेलेबल’ फूट अजून जोरात आहेत. कारण सोपं आहे. फूट फुगवले की दर कमी दिसतो. तुमच्या करारनाम्यातले ७६० फूट बांधीव आहेत, म्हणजे भिंतींसकट. त्याला १.२ ने भागलं की चटई क्षेत्र साधारण ६३३ फूट येतं. आता १ कोटी १५ लाखांना ६३३ ने भागून बघा. फुटाला १८ हजारांच्या वर जातंय. साडेबारा हजार ऐकून ‘बरं आहे की’ वाटलं होतं ना?

मीही यात पोळलेली आहे. १९९८ साली पौड रस्त्याला आम्ही पहिला फ्लॅट घेतला. तेव्हा मी बँकांसाठी मूल्यांकनाची कामं करत होते, रोज दुसऱ्यांची घरं टेपनं मोजत होते. स्वतःच्या घराचे मात्र बिल्डरनं सांगितलेले ७३० फूट मान खाली घालून लिहून घेतले. राहायला जायच्या आठवड्यात कपाट कुठे बसेल ते बघायला टेप काढला आणि भरले ५२०. नवरा म्हणाला, ‘आता मोजून काय उपयोग?’ बरोबरच होतं त्याचं. म्हणून सांगते, पंधरा मीटरचा टेप घ्या, बरोबर एक माणूस न्या आणि प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून वहीत आकृती काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. मालकांना वाईट वाटेल म्हणून लाजू नका. हॉल फार ऐसपैस वाटत असेल तर बाल्कनी आत घेतलेली असते. ती परवानगीनं बंद केली असेल तर तिचाही कागद असतो, तो मागा.

आता शेजाऱ्यांचे व्यवहार. चौरस मीटरला १०.७६ ने गुणलं की चौरस फूट मिळतात. पहिला फ्लॅट ६३१ फुटांचा, दर पडला १३,३०० च्या आसपास. दुसरा नेमका ७६० फुटांचा, दर १२,९०० ला थोडा कमी. लहान फ्लॅटला फुटामागे भाव थोडा जास्त मिळतो, कारण एकूण रक्कम आवाक्यातली असल्यानं गिऱ्हाइकं जास्त असतात. तेव्हा तुमच्या कामाचा दुसराच व्यवहार. तीच सोसायटी, तेवढेच फूट, तोच मजला, सात महिन्यांपूर्वीचा. याहून चांगला पुरावा मला बँकेच्या कामातही क्वचित मिळायचा. तुमच्या मालकांचा दर याच मापात बसवला तर १५,१०० च्या पुढे जातो.

एक गोम मात्र आहे. इंडेक्स टूवर दिसतो तो कागदावरचा आकडा. काही रक्कम ‘वरून’ दिली-घेतली असेल तर ती तिथे दिसत नाही. म्हणून मी नेहमी बघायचे की त्याच फ्लॅटवर पाठोपाठ बँकेच्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन नोंदलेली आहे का. ज्याला मोठं कर्ज काढायचं असतं तो किंमत सहसा पूर्ण दाखवतो, नाहीतर कर्जच कमी मिळतं. ९८ लाखांच्या व्यवहारामागे अशी नोटीस सापडली तर त्या आकड्यावर डोळे मिटून नाही, पण निदान एक डोळा मिटून विश्वास ठेवा. तुमच्याकडे कुणी रोख रक्कम मागितली तर मात्र सरळ उठा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्यानं मनाई आहे, आणि वरून दिलेल्या पैशाचा तुमच्या हातात पुरावा काही राहत नाही.

‘रेडी रेकनरच एवढा येतो’ हे वाक्यही तुम्हाला ऐकवतील. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेला दर. एकाच विभागातल्या नव्या टॉवरला आणि तुमच्या तिशीतल्या इमारतीला तो बहुतेक तोच लागतो, वयाप्रमाणे घसारा वजा होतो एवढंच. तो बघायचा तो एवढ्यासाठी, की करारातली किंमत त्याच्या खाली गेली तरी शुल्क त्याच्यावरच भरावं लागतं, आणि तफावत दहा टक्क्यांच्या वर गेली की आयकर खातं घेणाऱ्या-विकणाऱ्या दोघांनाही गाठतं.

पार्किंगचे ४ लाख देऊ नका. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग फ्लॅटपासून वेगळं विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच स्पष्ट केलंय. बिल्डरला जे विकता येत नव्हतं ते तुमचे मालक काय विकणार? ती जागा सोसायटीची, ती सभासदांना वाटून देते. सेक्रेटरींना विचारा की या फ्लॅटला जागा नेमून दिल्याचा कागद आहे का आणि नव्या सभासदाला ती मिळेल का. मिळणार असेल तर फ्लॅटच्या किमतीत तिचा गुण धरा. पण ९८ लाखांच्या फ्लॅटलाही जागा होती का ते विचारायला विसरू नका.

रिडेव्हलपमेंटचं पीक कोथरूडमध्ये सध्या जिन्याजिन्यात उगवतंय. प्रश्न एवढाच, की कागदावर काय आहे? जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, सोसायटीच्या नावावर झालंय का? नसेल तर निदान डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डर करून देत नसला तरी सरकारी आदेशानं होणारं? सहकार कायद्याच्या कलम ७९-अ च्या पद्धतीनं सर्वसाधारण सभेचा ठराव झालाय का, बिल्डर नेमला गेलाय का, विकसन करार नोंदला गेलाय का? करार नोंदला असेल तर त्यात या फ्लॅटला किती वाढीव फूट मिळणार ते लिहिलेलं असतं, त्याचे पैसे जरूर मोजा. नुसती ‘पुढच्या सभेत विषय आहे’ एवढीच प्रगती असेल तर त्याचा एक रुपयाही धरू नका. ‘पुढच्या सभेत विषय’ असलेल्या सोसायट्या मी बारा-बारा वर्षं तिथेच बसलेल्या पाहिल्यात.

इमारत तिशीला आलीये, म्हणून स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि तीन वर्षांचे ताळेबंद मागा. घर बघायला संध्याकाळी दिवे लावून नका जाऊ, सकाळी उजेडात जा, आणि जमलं तर जुलैत भर पावसात. विक्रीच्या तोंडावर रंग दिलेला असला तर मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा; सपाट दिसणाऱ्या भिंतीवरचे फुगे आणि पोपडे सावलीनं उठून दिसतात. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून मागच्या बाजूला नाक लावा. बाथरूमच्या टाइलवर रुपयाच्या नाण्यानं टकटक करा, पोकळ आवाज आला की टाइल मागून सुटलेली असू शकते, तिथे पाणी मुरतंय का ते बघा. मग त्याच बाथरूमखालच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या घराची बेल वाजवा आणि त्यांच्या छतावर ओल आहे का ते विचारा. शेजारी खरं सांगतात. विकणाऱ्याचं घर जाणार असतं, त्यांना तिथेच राहायचंय. छज्जांची खालची बाजू बघा. सळई गंजून फुगली की तिथलं प्लास्टर आधी सुटतं. दुरुस्तीचा अंदाज गवंड्याकडून घ्या, एजंटकडून नको.

बँकेच्या व्हॅल्युअरवर फार भिस्त ठेवू नका, हे मी स्वतः ते काम करून सांगते. त्याचा आकडा ‘उद्या कर्ज बुडालं तर बँकेचे पैसे सुटतील का’ या प्रश्नाचं उत्तर असतो. मला फोन यायचे, ‘मॅडम, व्यवहार एवढ्याला ठरलाय, तेवढं बघा जरा.’ आणि ८० लाख मंजूर म्हणजे ८० लाख हातात असंही नाही. कर्जाची रक्कम ७५ लाखांच्या वर गेली की बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही. ९८ लाखांचे ७५ टक्के साडेत्र्याहत्तर लाखच होतात, म्हणजे ७५ च्या वरचं कर्ज या घराला बसतच नाही; तुम्हाला फार तर ७५ लाख मिळतील. उरलेले २३ तुमच्या खिशातून, शिवाय ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ६ लाख ८६ हजार, नोंदणीचे ३० हजार, सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, आणि दलाली. घर एकट्या तुमच्या नावावर घेतलंत तर शुल्कात एक टक्का सूट आहे, म्हणजे ९८ हजार वाचतात. कुणाच्या नावावर घ्यायचं हे मात्र तेवढ्यासाठी ठरवू नका.

तर माझा आकडा. ७६० फुटांना १३ हजारांप्रमाणे ९८ लाख ८० हजार. सात महिन्यांत भाव थोडा सरकला असेल असं धरलं, तरी ओल-दुरुस्तीचे दोन-तीन लाख त्यातून जातातच. पार्किंगची जागा मिळणार असेल आणि भिंती कोरड्या असतील तर ९५ ते ९९ लाख ही किंमत मला रास्त वाटते. बोलणी ९० पासून सुरू करा. एक कोटीच्या वर जायचं नाही, हे बैठकीला जायच्या आधी घरी दोघांनी ठरवा आणि टोकनचा चेक तोवर पर्समध्ये ठेवूच नका.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा : तुम्ही २४ हजार भाडं भरता, आणि ८० लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ६९ हजारांच्या वर जातो. थांबणं तुम्हाला परवडतं. मालकांना परवडतं का, ते सेक्रेटरींकडून काढून घ्या. फ्लॅट किती महिने विक्रीला आहे, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक असतं.

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात ७ गुंठे जागेतलं जुनं कौलारू घर ३८ लाखांना सांगतायत. चार कलमं, दोन फणस आणि विहीर आहे. आम्ही मुंबईकर, निवृत्तीनंतर राहायचा विचार आहे. किंमत वाजवी आहे का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : भाऊ, इथे घराची किंमत जवळजवळ शून्य धरा. जांभा दगडाच्या भिंती टिकतात, पण वासे आणि कोने वाळवीनं पोखरलेले असतात. एकदा कौलं उतरवली की मग कळतं. तुम्ही जागा विकत घेताय. ३८ लाखांना सातानं भागा, म्हणजे गुंठ्याला ५ लाख ४३ हजार, आणि त्याच वाडीत गेल्या दोन वर्षांत नोंदलेल्या व्यवहारांत गुंठा कितीला गेला ते बघा. कलमांचे पैसे मागितले तर हसून सोडून द्या.

पण भावाच्या आधी सातबारा. त्यावर किती नावं आहेत ते मोजा. अकरा नावं असतील आणि त्यातल्या एका चुलतभावाची सही नसेल, तर ३८ लाखही महाग आणि ८ लाखही. इतर हक्कात कुळ आहे का ते बघा. जागा बिनशेती किंवा गावठाणात नसेल, तर महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावे लागता. तुमच्या नावावर कुठे गुंठाभर तरी शेती आहे का? घरापर्यंत जाणारी पाणंद सगळ्यांची आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीची, तेही विचारा.

आणि विहीर गणपतीत बघू नका. तेव्हा कोकणातली प्रत्येक विहीर काठोकाठ असते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जा आणि पोहरा स्वतः सोडा.