प्लग बसतो, पण ईसीयू जुळतो का?

प्रश्न: माझ्या जुन्या टर्बो पेट्रोल गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) दगा देतोय. त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचा ईसीयू हाती आलाय, प्लगही बसतो. सरळ लावून टाकू का?

उत्तर: थांबा, अजून चावी फिरवू नका. प्लगचा आकार तोच असला तरी पिनांची कामं बदललेली असू शकतात. दोन्ही गाड्यांचे वायरिंग डायग्राम शेजारी ठेवा आणि एकेक पिन पडताळा. माझ्या दोन संध्याकाळी यातच जातात, पण खरं काम हेच.

मग मल्टीमीटरने इंजेक्टरचा, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या नळीचा, विद्युत रोध मोजा. जुन्या टर्बो गाड्यांत ते बरेचदा २-३ ओहमचे असतात. नव्या ईसीयूला बहुधा १२-१६ ओहमचे लागतात. मी एकदा न मोजता जोडणी केली आणि ईसीयूमधले ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टरना करंट देणारे भाग, जास्त करंटने जळाले. तेव्हापासून आधी मीटर, मग पाना. ओहम कमी भरले तर इंजेक्टर बदला, नाहीतर प्रत्येकाच्या वायरीत योग्य रेझिस्टर घाला.

क्रँकचा, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा कुठे आहे ते सांगणारा, सिग्नलही बघा. नव्या ईसीयूला ६० पैकी २ दाते गाळलेलं चाक हवं असेल आणि तुमच्याकडे डिस्ट्रिब्युटरमधला (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागातला) सेन्सर असेल, तर ठिणगीच पडणार नाही. हवा मोजणारा सेन्सर ईसीयूच्या जोडीचाच घ्या. इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) असेल तर त्याचीही सोय लागेल.

इंजिन सुरू झालं म्हणून लगेच बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) देऊ नका, कृपा करून. आधी धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर लावा. पूर्ण बूस्टवर लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा आकडा (१ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त), ०.८ च्या आसपास हवा. तो १ कडे सरकला किंवा नॉकिंग (इंजिनातली टकटक) ऐकू आलं, तर त्याच क्षणी पाय काढा.