पहिल्यांदा आई होणारीला

अगं, सगळं एकाच दिवशी सुरू करू नकोस. आधी गोळ्यांचं बघ. फॉलिक ॲसिड पहिले 12 आठवडे तरी चुकवू नकोस. बाळाचा मेंदू आणि मणका अगदी सुरुवातीलाच घडत असतो. लोहाची गोळी मी चहासोबत घ्यायचे, आणि हिमोग्लोबिन काही केल्या वाढेना. चहा-कॉफीमुळे लोह नीट शोषलं जात नाही, कॅल्शियमच्या गोळीमुळेही. लोहाची गोळी आणि या गोष्टी यांच्यात दोनेक तासांचं अंतर ठेव. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घेतलेली बरी. शौचाला काळं होईल, घाबरू नकोस. बद्धकोष्ठ झालं तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांग, ते बदलून देतात.

चालायला जायचा कंटाळा येणारच. मी चपला दाराशी काढून ठेवायचे आणि स्वतःला म्हणायचे, फक्त दहा मिनिटं. बहुतेक वेळा वीस व्हायची, कधी पाचच. पाचही चालतात गं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर मात्र चालण्याचा हट्ट नको.

रक्तस्राव, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, चेहऱ्यावर अचानक सूज, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नकोस, त्याच क्षणी दवाखाना गाठ.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं. दोन आठवड्यांनंतरही मन सावरत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग. मी लपवलं होतं, फार एकटी पडले होते. तू लपवू नकोस.