कॉलेजमध्ये विद्यार्थी एकमेकांकडून खरंच शिकतात का, की ही प्राध्यापकांची पळवाट आहे?

शिकतात. निदान मी तरी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे भाराखाली बीम कसं वाकतं-तुटतं तो विषय, सरांकडून नाही, एका डिप्लोमावाल्याकडून शिकलो.

नागपुरात सिव्हिल करत होतो. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली पोरं मागच्या बाकांवर बसायची. एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, गटांगळ्या खायची म्हणून आम्ही बारावीवाले त्यांना कमीच लेखायचो. मला मात्र बेंडिंग मोमेंट, म्हणजे भारामुळं बीमला वाकवणारा जोर, नुसतं पाठ होतं: कॅन्टिलिव्हरला (एकाच टोकाला आधार असलेल्या बीमला) आधाराशी सर्वांत जास्त, मोकळ्या टोकाला शून्य. का, ते विचारायचं नाही.

एकदा जागा नव्हती म्हणून मागे बसलो. शेजारी उमरेडकडचा पोरगा. त्याचे बाबा सेंट्रिंगची कामं घ्यायचे. माझी वही पाहून म्हणाला, "अबे, छज्ज्याची सळाख वर टाकतात का खाली?"

म्हटलं, खाली. बीममध्ये टाकतात तशी.

"मंग पडला छज्जा तुह्या डोक्यावर! टोक खाली झुकते, म्हणजे ताण वरच्या बाजूले येते न बे. काँक्रीट ताण सोसत नाही."

प्लास्टिकची फूटपट्टी बाकाच्या कडेला दाबून त्यानं टोक वाकवलं. आधाराशीच का तुटणार, ते डोळ्यांना दिसलं.

तेवढ्यात सरांनी दोघांनाही बाहेर काढलं. "शिकवायचा पगार मला मिळतो," म्हणाले. पुढचं सगळं सेमिस्टर आम्ही फुटाळा तलावाच्या काठावर काढलं. मी त्याला एम-थ्रीतलं लाप्लास, तो मला बीम.

सरांचा अभ्यास पक्का होता, पण आपण स्वतः कुठं अडखळलो होतो ते ते केव्हाच विसरले होते. त्या पोराला ते ताजं आठवत होतं. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये फिजिक्सच्या वर्गात हेच मुद्दाम सुरू केलं. आधी प्रश्न, ज्याचं त्याचं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. तिथं बोलल्याबद्दल कोणाला बाहेर काढत नाहीत.

पळवाट म्हणाल तर तीही असते. पोरं पीपीटी वाचतात आणि सर मोबाइल पाहतात, त्याला मी शिकणं म्हणत नाही.

आणि हो, हॉगिंग-सॅगिंगची (बीम वर फुगतं की खाली झोळतं, त्याची) अधिक-उणे चिन्हं आम्ही दोघांनी मिळून उलटी घोटली होती. पेपरात दोघांचेही आलेख उलटे, मार्क सारखेच गेले. ते सरांना विचारायला हवं होतं. पण बाहेर काढल्यावर कोण जातं विचारायला?