लहान मुलांचे फोटो काढायचे ठरवलंयस तर…

नवजात बाळाचं शूट पहिल्या दोन आठवड्यांत घे, तेव्हा ते गाढ झोपतं. खोली उबदार हवी. हातांवर हनुवटी टेकवलेली ती पोझ मात्र सध्या नकोच. ती दोन फोटो जोडून करतात, बाळाचं डोकं कुणीतरी धरलेलं असतं. रांगत्या पोरांसाठी शटर स्पीड १/५०० सेकंद ठेव, म्हणजे फोटो हलणार नाही, आणि सरळ जमिनीवर आडवा हो.

कामं कुठून मिळतील? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाणं असतात. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा पडतानाचा बाळाचा चेहरा नीट पकडलास, तर जमलेल्या आयांपैकी कुणीतरी तुझा नंबर मागतेच. अ‍ॅडव्हान्स घ्यायला लाजू नकोस. आणि फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी आईवडिलांची लेखी परवानगी घे, ओळखीचं घर असलं तरी.