आजोबांना आणि वडिलांना लकवा झाला, म्हणजे तो आमच्या रक्तातच आहे का?

आजोबा सत्तरीत आणि वडील ७६व्या वर्षी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, तुम्ही आता ६३चे आहात; तर हे आनुवंशिक समजायचं का आणि जनुकांची चाचणी करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा झालेल्यांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा उभं करणं हे माझं रोजचं काम. तुमचा प्रश्न मला बहुतेक घरांत ऐकू येतो, तोही आतल्या खोलीत नाही, मी निघताना दारात.

आधी वय बघा. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात असं आढळलं, की आईला किंवा वडिलांना ६५च्या आत गुठळीचा स्ट्रोक (मेंदूचा रक्तपुरवठा गुठळीने अडून येणारा झटका, ज्यातून लकवा होतो) आला असेल, तर मुलांचा धोका साधारण तिप्पट होतो. तुमच्या वडिलांना तो बराच उशिरा आला. पंचावन्ननंतर दर दहा वर्षांनी सगळ्यांचाच धोका जवळपास दुप्पट होत जातो, त्यामुळे त्या वयातल्या स्ट्रोकचं खापर लगेच घराण्यावर फोडू नका.

एकाच जनुकातल्या बिघाडाने येणारा स्ट्रोक असतो, नाही असं नाही. कॅडासिल नावाच्या आजारात नॉच-३ या जनुकात दोष असतो. पण तिथे अनेकदा तरुणपणीच अर्धशिशी, मग चाळिशी-पन्नाशीत स्ट्रोकचे झटके आणि पुढे विस्मरण, असा क्रम दिसतो. तसं घरात असेल तर न्यूरॉलॉजिस्टच चाचणी सांगतील. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी तिची गरज दिसत नाही.

इतरांच्या बाबतीत आनुवंशिकता चिमूट-चिमूट वाटलेली असते. २०२२च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्ट्रोकशी संबंधित ८९ जागा जनुकांच्या साखळीत सापडल्या, आणि त्यांतल्या कितीतरी रक्तदाबाशी जोडलेल्या निघाल्या. ब्रिटनमध्ये तीन लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जनुकांमुळे ज्यांचा धोका सर्वांत जास्त, त्यांना स्ट्रोकची शक्यता सर्वांत कमी धोका असणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त होती. राहणीमान वाईट असणाऱ्यांना मात्र चांगलं असणाऱ्यांपेक्षा ६६ टक्क्यांनी जास्त.

म्हणून माझा उलटा प्रश्न : आजोबांचं बीपी कधी कुणी मोजलं होतं का? वडील गोळी रोज घेत होते का?

मी घरी गेले की औषधांचा डबा मागते. एका आजींच्या डब्यात बीपीच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या निघाल्या, तिन्ही अर्ध्याच संपलेल्या. बरं वाटलं की बंद, डोकं जड झालं की सुरू. त्यांच्या आईलाही लकवा झाला होता, म्हणून घरचे म्हणत होते, "त्यांच्या माहेरचंच आहे ते." त्याच घरात जेवणाच्या ताटात मीठ वेगळं वाढलेलं असायचं, आणि आजी सकाळी मिश्री लावायच्या, त्यांच्या आईसारखीच. हेही वारशानेच आलेलं, पण ते बदलता आलं असतं.

"वय झालं की वरचं बीपी वाढायचंच" हे वाक्य तर माझ्या डोक्यात जातं. फक्त वरचा आकडा वाढलेल्या, साठीपुढच्या लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, १९९१ साली निकाल आला : औषधाने स्ट्रोक ३६ टक्क्यांनी कमी झाले. मुख्य औषध लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी एक साधी, जुनी गोळी. पुढे ऐंशी ओलांडलेल्यांमध्येही गोळ्यांचा फायदा दिसला. साखर आणि कोलेस्टेरॉल तुम्ही तपासत असालच, तंबाखू असेल तर आजच सोडा.

आणखी एक, नाडी. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. ठोके कधी जवळजवळ, कधी लांब, काही ताळमेळच नाही असं लागलं तर ईसीजी काढून घ्या. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके असे बेताल पडतात त्या आजारात, हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. त्याने स्ट्रोकचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि अनेकांना ते कळतही नाही. रक्त पातळ करणारं औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील.

चाचणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दंडावर बांधायचं बीपीचं मशीन घ्या. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा आणि आकडे वहीत लिहा. ते वारंवार १३५/८५च्या वर दिसले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि वडिलांचं-आजोबांचं वयासकट सांगा.