जॉर्जियाने पोलिसांची लाचखोरी संपवली, मग कोर्टं का नाही सुधारली?

सोव्हिएत काळानंतर जॉर्जियात ट्रॅफिक पोलीस म्हणजे रस्त्यावरची वसुलीच होती, पगार नावापुरता, नोकरी लागायला आधी पैसे भरलेले, मग ते लोकांकडूनच काढायचे आणि त्यातला हप्ता वरच्या साहेबाला पोचवायचा अशी पूर्ण साखळी. 2003 च्या रोझ रिव्होल्युशननंतर, म्हणजे लोकांच्या शांततेतल्या आंदोलनाने झालेल्या सत्तापालटानंतर, साकाश्विली राष्ट्राध्यक्ष म्हणून आले आणि 2004 मध्ये त्यांनी ट्रॅफिक पोलीस खातंच बंद केलं, हजारो लोक एकदम घरी. नवीन भरती, बरा पगार, पोलीस ठाण्यांना काचेच्या भिंती. पासपोर्ट, जमिनीची नोंदणी वगैरे कामं पुढे एकाच छताखाली आणली, फी ठरलेली, त्यामुळे मधला एजंट गेला. सामान्य माणसाला याचा खरंच खूप फायदा झाला, हे मानायलाच हवं.

पण कोर्टाचं वेगळं आहे. तिथे पाकिटं कमी झाली तरी वरून येणारे फोन बंद नाही झाले, कारण आपल्या कामाला येणारा जज सरकारला हवाच असतो, मला हेच सगळ्यात जास्त खटकतं. साकाश्विलींच्या काळात सरकारी वकिलाने केस आणली की निर्दोष सुटणं जवळपास अशक्य, म्हणून लोक प्ली बार्गेन, म्हणजे सरकारी वकिलाशी शिक्षेबद्दल तडजोड, करून पैसे भरून मोकळे व्हायचे. 2012 ला सरकार बदललं, तरी न्यायाधीश नेमणाऱ्या हाय कौन्सिल ऑफ जस्टिसवर एका छोट्या गटाची पकड आहे असा आरोप होतच राहिला, तिथले लोक त्याला ‘क्लॅन’ म्हणतात. 2023 मध्ये अमेरिकेने 4 आजी-माजी न्यायाधीशांना भ्रष्टाचाराच्या कारणावरून प्रवेशबंदी केली, तर सत्ताधारी पक्षाने उलट त्यांचीच बाजू घेतली.